चार नंबरचं खळं

कठीण म्हणजे काय, ते आधी मला कोणीतरी नीट सांगा. परवा रविवारी जावई धारगळला आमच्याकडे जेवायला आला होता. मांद्र्याच्या एका हॉटेलात तो मॅनेजर आहे. माणूस गुणाचा, पण मोबाईल हातातून सुटेल तर शपथ. बांगड्याचं हुमण वाढलेलं, भात निवतोय, आणि हा मला म्हणतो, "आई, तुम्हांला गोल्फमधलं कळतं ना? हे बघा, जगातले सगळ्यांत कठीण दहा पार-थ्री." पार-थ्री म्हणजे तीन फटक्यांत चेंडू भोकात गेला पाहिजे असा आखूड होल. बघितले मी. चष्मा पुसून दहाच्या दहा बघितले, आणि डोकं जे फिरलं ते संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आलं नाही. एकात समोर तळं, दुसऱ्यात तळं, तिसऱ्यात तर समुद्रच, चौथ्यात तळं आणि तळ्यात बेट! अहो, चेंडू पाण्यात बुडवायला अक्कल कशाला लागते? तळं खणायला शॉवेल नावाचं यंत्र लागतं, ते कोणालाही भाड्याने मिळतं. जावई बिचारा म्हणाला, "तसं नव्हे आई, जाणकारांनी गुण देऊन क्रम लावलाय." मी म्हटलं, "जाणकारांनी खेळून गुण दिले की गाडीत बसून?" त्याने मोबाईल पालथा घातला आणि बांगड्याचे काटे काढायला घेतले. त्याचा काही दोष नव्हता. हाच प्रश्न मी सतरा वर्षांची असताना एका पाहुण्या साहेबाला विचारायला लावला होता, आणि त्याचं उत्तर मला आजवर पुरलं आहे.

तेव्हा आमचं घर डिचोलीजवळ सर्वणला. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजायचा, आणि त्याच्या मागोमाग डोंगरापलीकडून खाणीचा. पहिला उंडे घेऊन यायचा, दुसरा बाबांना घेऊन जायचा. मग दिवसभर खनिज वाहणारे टिपर. रस्ता आमच्या दारावरूनच, त्यामुळे जनेल उघडं ठेवा की बंद ठेवा, तांबडी धूळ आत यायचीच. आई दिवसातून तीनदा मेज पुसायची आणि तिन्ही वेळा खाणवाल्यांचा उद्धार करायची. तिचा राग रास्त होता. आमचं शेत खाणीच्या खालच्या अंगाला. दोन पावसाळ्यांत वरची माती वाहून शेतात आली आणि शेत गुडघाभर बुजलं. ज्यांनी शेत बुजवलं त्यांनीच मग बाबांना कामाला घेतलं, आणि त्याबद्दल वर उपकाराची भाषा! "शाबाला आम्ही लावून घेतला," असं तिथले मॅनेजर चारचौघांत सांगायचे. शाबा म्हणजे माझे बाबा. आडनाव त्यांना असेल असं कंपनीत कोणाला कधी वाटलं नाही.

काम कुठलं, तर वरच्या सड्यावर साहेबलोकांचा क्लब होता, त्याचं गोल्फ मैदान राखायचं. मैदान म्हणजे कातळाचं माळरान, मध्ये मध्ये काजूची झाडं आणि नऊ होल. जागाच तेवढी, म्हणून नऊच्या नऊ पार-थ्री. भोकाभोवती हिरवळ असते ना, ती आमच्याकडे नव्हती. सड्यावर गवताला पाणी कुठून आणणार? त्याऐवजी नदीची वाळू आणून तिच्यात टिपरचं जळकं ऑईल कालवायचं आणि ती गोल पसरायची. त्याला ब्राउन म्हणत. ऑईलमुळे वाळू बसून राहते आणि चेंडू तिच्यावरून सुतासारखा सरळ जातो. कोणी खेळून गेलं की लोखंडी पाईप ओढून पावलं मोडायची, पुन्हा गुळगुळीत करायचं. बाबा घरी आले की त्यांच्याआधी तो ऑईलचा वास आत यायचा. आई त्यांना विहिरीवर पिटाळायची, पण साबण घासून घासून संपला तरी नखांतलं काळं कधी गेलं नाही.

एका पावसाळ्यात चार नंबरचं ब्राउन वाहून गेलं. दिवाळीच्या आत नवीन करा, असा हुकूम आला. बाकीची आठ कोणा ओव्हरसियरने पाणसळ लावून केलेली होती. बाबांना कोणी समजावून सांगितलं नाही की ब्राउन सपाट असावं लागतं. गोल, चोपून घट्ट केलेली जमीन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली, भात झोडायचं खळं. शेत होतं तोवर दरवर्षी केलेलं. तसंच त्यांनी केलं. जमीन खणली, ढेकळं फोडली, पाणी मारून पेटण्याने, म्हणजे लाकडी चोपण्याने चोपली. आई आणि मी दोन दिवस वर जाऊन शेणाने सारवून आलो, मग त्यावर ऑईलची वाळू. आणि खळ्याला द्यायचा तो उतार दिला. आमच्याकडे कापणीच्या दिवसांतही पाऊस कधी येऊन पडेल याचा नेम नसतो. खळं सपाट असलं तर झोडलेला भात पाण्यात बसतो. म्हणून ते एका अंगाला कलतं ठेवायचं, पण इतकंच की डोळ्याला दिसू नये आणि पाण्याला वाट मिळावी. उजव्या हाताला एका जुन्या शेताची मेर होती, मातीचा बांध. तीही बाबांनी तशीच ठेवली. कारण एवढंच, की मेर मोडायची नसते.

गोल्फच्या हिशेबाने ही चूकच, आणि ती खळी चोपण्यात हयात गेलेल्या माणसानेच करावी. पण त्या चुकीने काय झालं ते बघा. चार नंबर जेमतेम एकशे वीस यार्डांचा. टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे उभं राहिलं की सगळं स्वच्छ दिसायचं, लपवाछपवी काही नाही. साहेबलोक गप्पा मारत मारत यायचे आणि सरळ झेंड्यावर चेंडू टाकायचे. चेंडू झेंड्याशी पडायचा, टाळ्या वाजायच्या, आणि टाळ्या वाजत असतानाच तो हळूहळू मागच्या डाव्या अंगाला निघायचा. धावत नसे मेला! निवांत जायचा, ब्राउन ओलांडायचा आणि करवंदाच्या जाळीत शिरायचा. मग साहेब जाळीत. हातापायांना ओरखडे, शर्टाला काटे, आणि तिथून मारलेला चेंडू चढावर अडून पुन्हा त्यांच्याच पायाशी.

मी रोज दहाच्या सुमाराला बाबांची पेज घेऊन वर जायची. उकड्या तांदळाची पेज, मिठातलं तोर, म्हणजे कोवळी कैरी, आणि केळीच्या पानात गुंडाळलेला भाजलेला सुका बांगडा. बाबांचं जेवण होईपर्यंत मी चार नंबरच्या काजूखाली बसायची. दोन वर्षं बसले. हा खेळ मी हातात काठी न धरता शिकले, आणि शिकवलं ते कंपनीच्या डॉक्टरबाईंनी. साठीला आलेल्या, किरकोळ बांध्याच्या, फटका मारला तर चेंडू हवेतून ऐंशी यार्डांपलीकडे जायचा नाही. पण चार नंबरवर त्यांच्याइतकं कोणाला जमलं नाही. त्या झेंड्याकडे बघायच्याच नाहीत. उजवीकडे, अलीकडेच चेंडू टाकायच्या. तो टप्पे घेत मेरेवर चढायचा, तिथे त्याचा दम जायचा, आणि मग खळ्याच्या उताराने संथपणे भोकाकडे यायचा. एकदा मला म्हणाल्या, "बघितलंस? हा होल मला माझ्या वयाची वाट देतो." मी ते वाक्य घरी येईपर्यंत घोळवलं. तेव्हापासून कुठलाही होल दाखवा, मी आधी बघते की डॉक्टरबाईंसारखी बाई इथून कशी जाईल. तिला वाट नसेल तर तो होल कठीण नव्हे, नुसता उद्धट. आणि चुकलेल्याला पुन्हा प्रयत्न करायची सोय हवी. करवंदाच्या जाळीतून रक्तबंबाळ होऊन का होईना, माणूस बाहेर येतो. तळ्यातला चेंडू गेला तो गेला.

मी सतराची झाले त्या वर्षी जानेवारीत क्लबने स्पर्धा भरवायचं ठरवलं. बाहेरगावचे खेळाडू येणार, म्हणून त्याआधी नऊही होल तपासून गुण द्यायला पुण्याहून एक जाणकार बोलावले. लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन. शनिवारी ते मॅनेजरसाहेबांबरोबर फिरायला निघाले, मागे पाच-सहा मंडळी, हातात पाटीला लावलेला कागद. प्रत्येक होलला दहापैकी गुण. दोन नंबर लांब आहे म्हणून सात. सहा नंबरला मध्ये खड्डा आहे म्हणून आठ. चार नंबरवर आले तेव्हा मी काजूखालीच होते. कॅप्टनसाहेबांनी काठी हातात घेतली नाही. चालत ब्राउनवर गेले, चेंडू बुटाच्या टोकाने ठेवला आणि तो घरंगळत जाताना बघून म्हणाले, "हे तिरपं आहे. कोणी केलं?"

बाबा पाईप हातात धरून उभे होते. पुढे आले. खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. म्हणाले, "मी केला, साहेब. खळ्याक उतार नको? पाणी खंय जातला मगे?"

"खळं?" मॅनेजरसाहेबांना हसू आवरेना. "शाबा, इथे भात झोडायचाय काय तुला?"

सगळे हसले. कॅप्टन हसले, मागचे पाच-सहा हसले, क्लबचा वेटर लिंबू-सोड्याचा ट्रे घेऊन आला होता, तोसुद्धा हसला. त्याचा तर मला जास्त राग आला, कारण त्याच्या बापाचं खळं आमच्या खळ्याला लागून होतं. कॅप्टननी कागदावर लिहिलं, दोन. दहापैकी दोन! मग सुचवलं की ब्राउन पाणसळ लावून सपाट करावं, ती मेर काढून टाकावी, आणि समोर चाळीस फुटी तळं खणावं. "आव्हान पाहिजे, आव्हान," असं दोनदा म्हणाले. मॅनेजरसाहेब लगेच म्हणाले की सोमवारी खाणीवरून शॉवेल पाठवतो. बाबा म्हणाले, "होय, साहेब."

आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझे कान तापतात. घरी आल्यावर मी पिशवी आदळली. आईने कुळथाची पिठी आणि भात वाढला होता, बाबा पानावर बसले होते, पण हात घातला नव्हता.

"तू गप कित्याक रवलंस?" मी ओरडलेच. "सगळे दात काढी होते आणि तू 'होय साहेब'?"

"काय सांगू गो बाय? खळां म्हटलंय तर हसले."

"मगे सांगूचा, उतारामुळे होल कठीण झालो म्हणून! तुमका जमणा नाय म्हणून सांगूचा!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "माका कठीण करूचा म्हायत नव्हता. मी पाण्याक वाट दिलंय. जा मी केलंय नाय ता माझा म्हणून कसा सांगू?"

यावर मी आणखी चिडले. आई म्हणाली, "आधी जेवा, मगे काय तो न्याय करा." बाबा दोन घास जेवून उठले. माळ्यावरचं पेटणं काढून ओट्यावर ठेवलं आणि त्याला तेल लावत बसले. मी विचारलं, आता हे कशाला. म्हणाले, "मोडूचा तर माझ्या हातान मोडतलंय. शॉवेल लावूक देवचंय नाय."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळीच डॉक्टरबाईंच्या क्वार्टरवर गेले. त्या पाव भाजून चहात बुडवून खात होत्या. मी भडाभडा सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "बाई, एवढंच विचारा त्यांना. गुण खेळून दिले की बघून?" त्यांनी उरलेला पाव तसाच ठेवला, टोपी घातली आणि म्हणाल्या, "चल."

कॅप्टनसाहेब क्लबातच होते, मॅनेजरही होते. बाईंनी गोड आवाजात विचारलं, "चार नंबरला दोन गुण दिलेत म्हणे. खेळून दिलेत की बघून?"

"बघून कळतं, डॉक्टर."

"मग खेळूनही कळेल. दहा चेंडू मारा. आम्ही बघतो."

नाही म्हणायची सोय नव्हती, सगळे ऐकत होते. वरात चार नंबरवर आली. कॅप्टनसाहेब खेळाडू चांगले, ते मी नाकारत नाही. पहिला चेंडू झेंड्यापासून वीतभर पडला. टाळ्या. आणि निघाला महाराज करवंदात. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथ्याला त्यांनी जोर कमी केला, तोही थोडा थांबून मागून गेला. टाळ्या बंद झाल्या. दहापैकी दोन राहिले, तेही काठावर. दहापैकी दोन, त्यांनी दिलेल्या गुणांइतकेच! मग डॉक्टरबाईंनी तीन चेंडू मारले. तिन्ही उजवीकडे, तिन्ही मेरेवरून खाली आले, आणि त्यातला एक भोकापासून हातभर अंतरावर थांबला.

मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. पण तोंड उघडलं ते उघडलंच. "साहेब, तुम्ही समोर तळं खणलंत तर बाईंनी कसं खेळायचं? त्यांचा चेंडू पाण्यावरून जाणार नाही. तुमचा जाईल. आणि पुढे ब्राउन सपाट असलं तर तुमचा तिथेच राहील. म्हणजे कठीण कोणाला झालं? ज्याच्या अंगात जोर नाही त्याला. आणि ज्याच्या अंगात जोर आहे त्याला सोपं. हे आव्हान कुठलं?"

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता बाबांची नोकरी गेली. कॅप्टनसाहेब मात्र मेरेपर्यंत चालत गेले आणि परत आले. मग त्यांनी कागद मागवला, दोन खोडले आणि नऊ लिहिले. तळं रद्द. शॉवेल रद्द. बाबा लांब पाईप घेऊन उभे होते, त्यांना काय घडलं ते मी पळत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरा झाला. मेर रवली." त्या दिवशी घरी शेवयांची खीर झाली. मी जिंकले असं मला वाटलं. सतरा वर्षांच्या पोरीला आणखी काय वाटणार?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पेज घेऊन गेले तर बाबा चार नंबरच्या टीजवळ सिमेंट कालवत बसले होते. बाजूला गोणपाटावर एक संगमरवरी पाटी, कोरलेली इंग्रजी अक्षरं, त्यांत काळा रंग भरलेला. मॅनेजरसाहेबांनी डिचोलीहून करून आणवली होती आणि बसवायला बाबांनाच सांगितलं होतं. बाबा मराठी वाचायचे, भजनाची वही त्यांची स्वतःच्या अक्षरातली. इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांनी चिऱ्याच्या कट्ट्यावर सिमेंट लावलं, पाटी त्यात बसवली, चारी बाजूंनी थापीच्या मुठीने हलकेच ठोकली आणि मला म्हणाले, "गो बाय, काय लिवलाहा ता वाच बघू."

मी वाचलं, मनात. होल नंबर चार. रचना, आणि पुढे कॅप्टनसाहेबांचं नाव, हुद्द्यासकट. रचना! त्यांनी केलं होतं काय? जाताना टीच्या जागी दोन पांढऱ्या खुंट्या ठोकायला लावल्या होत्या. ज्या खळ्याला ते हसले, ते आता त्यांचं. सगळ्या साहेबलोकांपुढे तोंड उघडलेली मी, पण इथे समोर बाबा उकिडवे बसलेले, नखांत सिमेंट, वर बघताहेत.

मी वाचलं, "चौथा होल. केलेला, शाबा सोनू गावस, सर्वण."

"बापायचा नाव पण घातलानी?"

"होय. सोनू घातलाहा."

त्यांनी पंच्याला हात पुसले, दोनदा पुसले. मग बोट पुढे केलं. "खंय ता?"

मी त्यांचं बोट धरलं आणि 'कॅप्टन' या शब्दावर ठेवलं.

"सोनू इतको लांब?"

"इंग्रजीत लांब होता, बाबा."

त्यानंतर क्लब होता तोवर बाबा रोज ती पाटी पुसायचे, पाईप ओढायच्या आधी. दोडामार्गाहून पाहुणे आले की त्यांना मुद्दाम वर न्यायचे आणि त्या शब्दावर बोट ठेवून सांगायचे, "ह्यो माझो बापूस." एकदा डॉक्टरबाईंनी हे पाहिलं. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे गेल्या. बाबा गेले तेव्हा ते त्याच समजुतीत गेले. लोक म्हणतील, पोरीने बापाला सुख दिलं. कसलं सुख? कॅप्टनने त्यांचं खळं घेतलं, आणि त्यावर रागवायचा त्यांचा हक्क मी घेतला. आई मेज पुसताना निदान शिव्या तरी द्यायची. बाबांना मी तेवढंही ठेवलं नाही. कदाचित ते रागावले नसते, 'होय साहेब' म्हणाले असते. पण ते त्यांनी ठरवायचं होतं.

खाण बंद पडली, क्लब बंद पडला. गेल्या पावसाळ्यात हट्टाने जावयाला घेऊन मी वर गेले. रान माजलंय, झेंडे कुठले आणि टी कुठली. आदल्या दिवशी धो धो कोसळून गेलेला, बाकीच्या आठ जागी डबकी साचलेली होती. चार नंबरवर थेंब नव्हता. पाटी अजून आहे, अक्षरं वाचता येतात. जावयाने वाचली आणि विचारलं, "हे कॅप्टन कोण?" मी धाप लागली असं दाखवलं आणि सडा उतरायला लागले. आणि परवा त्याने तो मोबाईल पुढे केला, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दगडावरचं माझ्याने पुसवत नाही. म्हणून इथे लिहिते, मराठीत, बाबांना स्वतःला वाचता आलं असतं अशा अक्षरांत.

चौथा होल. केलेला, शाबा सोनू गावस, सर्वण.